रात्रीचे जॉब अडले तर काय करावे? वाचकांच्या प्रश्नांना उत्तरे

मार्चअखेरची खाती बंद करण्याच्या काळात या सदराकडे आलेली बरीचशी पत्रे एकाच अडचणीची होती. कंपनीच्या व्यवसाय-सॉफ्टवेअरमध्ये रात्री आपोआप चालणारी कामे, म्हणजे बॅकग्राउंड जॉब, सुरूच झाली नाहीत, मध्येच थांबली किंवा संपलीच नाहीत. घसारा, विक्रेत्यांची देणी, उत्पादनाचे नियोजन, बिलांची छपाई ही कामे याच जॉबमधून होत असल्याने सकाळी कार्यालयात आलेल्या माणसाला प्रश्न पडतो तो ‘जॉब पुन्हा चालवू का?’ असा. त्याआधी विचारायचा प्रश्न मात्र ‘थांबण्यापूर्वी जॉबने नेमके किती काम केले?’ हा आहे. बहुतेक पत्रे सॅप या व्यवसाय-सॉफ्टवेअरसंबंधी होती आणि एक ओरॅकलच्या तशाच सॉफ्टवेअरसंबंधी. पुढे येणारी एसएम३७, एसटी२२ यांसारखी नावे म्हणजे सॅपमधील वेगवेगळे पडदे उघडण्याचे संकेत आहेत. त्यांतील निवडक प्रश्न व त्यांची उत्तरे पुढे देत आहोत.

प्रश्न: आमचा चाकण येथे वाहनांचे सुटे भाग बनवण्याचा कारखाना असून आम्ही सॅप ईसीसी ही सॅपची जुनी आवृत्ती वापरतो. पहाटेपासून एकही बॅकग्राउंड जॉब सुरू झालेला नाही. एसएम३७ या जॉबच्या यादीत सगळे जॉब ‘रिलीज्ड’ दिसतात, त्यांची वेळ उलटून गेली आहे, पण ते पुढे सरकत नाहीत. सर्व्हर रीस्टार्ट करावा असे सल्लागारांचे म्हणणे आहे. ते योग्य होईल का?
— माहिती-तंत्रज्ञान विभागातील एक वाचक, चाकण

उत्तर: लगेच रीस्टार्ट करू नये. जे जॉब या क्षणी खरोखर चालू आहेत ते रीस्टार्टमुळे अर्ध्यावर तुटतील, आणि आज सुरू न झालेल्या जॉबच्या अडचणीत अर्धवट झालेल्या जॉबची भर पडेल. शिवाय अडचणीचे कारण पुसले जाईल आणि तीच अडचण पुढच्या आठवड्यात पुन्हा उभी राहील.

सॅपमधील जॉबच्या सहा अवस्था नीट समजून घेतल्या तर शोध कोठून सुरू करायचा हे तिथेच कळते. ‘शेड्यूल्ड’ म्हणजे जॉब तयार आहे, पण त्याला चालण्याची मुभा मिळालेली नाही. बहुतेक वेळा तो तयार करणाऱ्या व्यक्तीकडे रिलीज करण्याचा अधिकार नसतो. ‘रिलीज्ड’ म्हणजे मुभा मिळाली आहे आणि जॉब वेळेची किंवा एखाद्या घटनेची वाट पाहत आहे. ‘रेडी’ म्हणजे शेड्यूलरने तो उचलला आहे आणि तो वर्क प्रोसेसकडे, म्हणजे जॉब प्रत्यक्ष चालवणाऱ्या सर्व्हरवरील प्रोसेसकडे, निघाला आहे. ही अवस्था सामान्यतः क्षणभरच टिकते, त्यामुळे जॉब ‘रेडी’मध्ये रेंगाळत असेल तर ते चिंतेचे लक्षण समजावे. पुढच्या ‘ॲक्टिव्ह’, ‘फिनिश्ड’ आणि ‘कॅन्सल्ड’ या तीन अवस्थांचे अर्थ उघड आहेत, मात्र ‘फिनिश्ड’बद्दल मला खाली थोडे अधिक लिहायचे आहे.

आपले जॉब ‘रिलीज्ड’मध्ये अडकले आहेत. सॅपचा वेळेनुसार चालणारा शेड्यूलर मूळ मांडणीप्रमाणे दर ६० सेकंदांनी जागा होतो, वेळ झालेले जॉब शोधतो आणि बॅकग्राउंडची वर्क प्रोसेस मोकळी असेल तर त्यांना सुरू करतो. म्हणजे अडथळा मुख्यतः दोन ठिकाणी असू शकतो. एक तर शेड्यूलरच चालत नाही, किंवा जॉबला जागा मिळत नाही. दुसरी शक्यता कितीतरी अधिक वेळा खरी ठरते, म्हणून प्रथम एसएम५० उघडून बीटीसी, म्हणजे बॅकग्राउंड, प्रकारच्या सगळ्या प्रोसेस काय करत आहेत ते पाहावे. सर्व्हर एकापेक्षा अधिक असतील तर एसएम६६ वापरावे, कारण एका सर्व्हरवरचे दृश्य संपूर्ण यंत्रणेचे नसते. सगळ्या प्रोसेस व्यापलेल्या असतील तर त्यांत सर्वांत जुना जॉब कोणता आहे हे पाहावे. रात्री अकराला सुरू झालेला एखादा मोठा अहवाल, चुकून दहा वर्षांची तारीख दिल्याने, जागा अडवून बसलेला आढळतो.

प्रोसेस मोकळी दिसत असूनही जॉब सुरू होत नसेल तर जॉबचा वर्ग पाहावा. जॉबचे ए, बी आणि सी असे तीन वर्ग असतात आणि काही प्रोसेस केवळ ‘ए’ वर्गासाठी राखून ठेवता येतात. आपल्याकडे तीन प्रोसेस असतील, त्यांतील एक राखीव असेल आणि उरलेल्या दोन व्यग्र असतील, तर ‘सी’ वर्गाचा जॉब मोकळी प्रोसेस समोर दिसत असूनही थांबूनच राहील. ही राखीव संख्या आरझेड०४ मध्ये ऑपरेशन मोड ठरवताना दिलेली असते. तेथेच आणखी एक कारण सापडण्याचा संभव आहे. अनेक कंपन्यांत दिवसा लोकांसाठी डायलॉग प्रोसेस जास्त आणि रात्री बॅकग्राउंडच्या प्रोसेस जास्त अशी अदलाबदल ठरवलेली असते. रात्रीचा मोड लागलाच नाही, तर रात्रीचे काम दिवसाच्या तुटपुंज्या जागेत अडकते.

यानंतर प्रत्येक जॉबमध्ये ठरावीक सर्व्हरचे नाव लिहिले आहे का ते तपासावे. जुना सर्व्हर काढून नवा बसवला, त्याचे नाव बदलले, आणि जॉब मात्र जुन्याच नावाची वाट पाहत राहिले, हे मी अनेक ठिकाणी पाहिले आहे. माझा आग्रह असा की अगदीच गरज नसेल तर जॉबला एका सर्व्हरशी बांधू नये. तशी गरज असेल तर त्यासाठी सर्व्हरचा गट वापरावा.

आणखी एक शक्यता अलीकडे यंत्रणा अद्ययावत केली असेल किंवा दुसऱ्या यंत्रावर हलवली असेल तर लागू होते. अशा कामाआधी बीटीसीटीआरएनएस१ हा प्रोग्राम चालवून सगळे रिलीज्ड जॉब एकदम स्थगित करतात, आणि काम झाल्यावर बीटीसीटीआरएनएस२ चालवून ते पूर्ववत करतात. हा दुसरा प्रोग्राम चालवायचा राहून गेला तर कोणताही दोष न दिसता एकही जॉब चालत नाही. हे सगळे तपासूनही उलगडा झाला नाही, तर एसएम६५ हे सॅपचे स्वतःचे तपासणी-साधन चालवावे. ते शेड्यूलरची, सर्व्हरची आणि जॉबच्या नोंदींची जुळणी करून विसंगती दाखवते.

कारण सापडून जागा मोकळी झाली की साचलेले सगळे जॉब एकाच वेळी धावू लागतील, याची तयारी आधीच ठेवावी. कोणते जॉब आज लगेच हवेत आणि कोणते रात्रीपर्यंत थांबू शकतात हे संबंधित विभागांना विचारावे आणि थांबू शकणाऱ्यांचे रिलीज तात्पुरते काढून घ्यावे. एरवी सकाळी दहा वाजता, नेमकी माल पाठवण्याची घाई असताना, रात्रीची सगळी नियोजनाची कामे डेटाबेसवर तुटून पडतात. जागा कमी पडत असेल तर ऑपरेशन मोड बदलून काही डायलॉग प्रोसेस बॅकग्राउंडकडे वळवता येतात आणि त्यासाठी रीस्टार्टची गरज नसते.

प्रश्न: एरवी दोन तासांत संपणारा आमचा एक जॉब काल संध्याकाळपासून ‘ॲक्टिव्ह’ आहे. तो मेला आहे की संथ आहे हे कसे ओळखावे? आणि तो मारून टाकणे सुरक्षित आहे का?
— कोल्हापूर येथील ओतकाम उद्योगातील एक वाचक

उत्तर: ‘ॲक्टिव्ह’ हा शब्द डेटाबेसमधील एका नोंदीवरून दिसतो. प्रत्यक्ष प्रोसेस अचानक बंद पडली, सर्व्हर कोसळला किंवा वीज गेली, तर ती नोंद बदलायला कोणी उरत नाही, म्हणून जॉब चालू नसूनही चालू दिसत राहतो. एसएम३७ मध्ये तो जॉब निवडून मेनूतून ‘चेक स्टेटस’ दिले की सॅप नोंद आणि प्रत्यक्ष प्रोसेस यांची जुळणी करते, आणि प्रोसेस अस्तित्वात नसेल तर नोंद दुरुस्त करते. ही तपासणी निर्धोक आहे, तेव्हा सुरुवात तेथूनच करावी.

प्रोसेस खरोखर जिवंत असेल तर ती काय करत आहे ते एसएम५० किंवा एसएम६६ मध्ये काही मिनिटे सलग पाहावे. एकदाच पाहून अंदाज बांधू नये, कारण एका क्षणी दिसणारे टेबलचे नाव फसवे असू शकते. प्रत्येक वेळी एकाच टेबलवर वाचन चालू दिसत असेल, तर चुकीचा निकष, गहाळ इंडेक्स किंवा डेटाबेसची जुनी झालेली आकडेवारी यांपैकी काहीतरी आहे. प्रोसेस दुसऱ्या यंत्रणेच्या उत्तराची वाट पाहत असेल, तर दोष त्या यंत्रणेत शोधावा. दुसऱ्याच कोणी धरून ठेवलेल्या कुलपामुळे ती थांबली असेल तर दोन ठिकाणी पाहावे लागते. सॅपची स्वतःची कुलपे एसएम१२ मध्ये दिसतात आणि डेटाबेसची डीबी०१ मध्ये. या दोन वेगळ्या गोष्टी आहेत आणि एकीत काही दिसले नाही म्हणजे दुसरीतही नाही असे होत नाही.

सॅपखाली ओरॅकल डेटाबेस असेल आणि एकाच वेळी सगळेच जॉब, अगदी लोकांचे पडदेसुद्धा, गोठल्यासारखे झाले असतील, तर आर्काइव्ह लॉगची, म्हणजे डेटाबेसमधील बदलांची नोंद साठवणाऱ्या फायलींची, जागा भरली आहे का हे सर्वांत आधी पाहावे. ती भरली की डेटाबेस नवे बदल स्वीकारणे थांबवतो आणि त्याच्या नोंदीत ओआरए-००२५७ हा दोष दिसतो. अशा वेळी जॉब मारण्यात काहीच अर्थ नसतो. आर्काइव्ह लॉगचा बॅकअप घेऊन जागा मोकळी केली की थांबलेले जॉब जेथे होते तेथून आपोआप पुढे चालू लागतात. त्या फायली बॅकअप न घेता हाताने पुसून टाकणे मात्र पूर्णपणे टाळावे, कारण उद्या डेटाबेस पूर्ववत करायची वेळ आली तर त्यांच्याशिवाय तो करता येणार नाही.

जॉब थांबवावाच लागला तर तो एसएम३७ मधून थांबवावा, आणि तेवढ्याने भागले नाही तरच एसएम५० मधून प्रोसेस संपवावी. ऑपरेटिंग सिस्टीममध्ये जाऊन प्रोसेस मारणे हा अगदी शेवटचा उपाय आहे. थांबवल्यावर लगेच सगळे मोकळे होईल अशी अपेक्षा ठेवू नये. ज्या जॉबने तासन्‌तास बदल करून ते कायम केले नसतील, त्याचे बदल मागे घ्यायला डेटाबेसलाही वेळ लागतो, आणि तेवढा वेळ संबंधित टेबले अडलेलीच राहतात.

प्रश्न: मी लेखा विभागात काम करते. मार्चचा घसारा पोस्ट करणारा जॉब अर्ध्यावर कॅन्सल झाला आणि त्याच आठवड्यात विक्रेत्यांना पैसे देण्याचा एफ११० चा जॉबही तुटला. संगणक विभाग ‘पुन्हा चालवा’ असे सांगतो, पण दोनदा पोस्टिंग होईल अशी मला भीती वाटते. ही भीती योग्य आहे का?
— सांगली येथील एक वाचक

उत्तर: आपली भीती अगदी योग्य आहे, आणि आपण थांबून विचारलेत हे फार चांगले केलेत. असा जॉब पुन्हा चालवण्याचा निर्णय संगणक विभागाने एकट्याने घेऊ नये असे माझे ठाम मत आहे. जॉब का तुटला हे त्यांना कळते, पण तुटण्याआधी खात्यांत काय पडले हे आपल्याच विभागाला कळू शकते.

घसाऱ्याचा प्रश्न तुलनेने सोपा आहे, कारण सॅपने त्याची सोय आधीच केलेली आहे. ईसीसीमधील एएफएबी या व्यवहारात नियोजित रन, ‘रिपीट’, ‘रीस्टार्ट’ आणि अनियोजित रन असे पर्याय असतात. तांत्रिक कारणाने रन तुटला असेल आणि तोपर्यंत डेटाबेसमध्ये काही बदल झाले असतील, तर ‘रीस्टार्ट’ हाच पर्याय निवडायचा असतो. त्यात आधीच्या रनची तुटलेली कामे यंत्रणा स्वतः पुढे नेते. ‘रिपीट’ वेगळ्या प्रसंगासाठी आहे. एखाद्या महिन्याचा घसारा पूर्ण पोस्ट झाल्यानंतर मालमत्तेच्या अटी बदलल्या तर त्या महिन्यात फक्त फरक पोस्ट करण्यासाठी ‘रिपीट’ वापरतात. या दोघांत घोळ होऊ देऊ नये. आधी एसटी२२ मधील डंप (प्रोग्राम तुटतानाची नोंद) आणि जॉबचा लॉग पाहून रन तुटण्याचे कारण दूर करावे, मग ‘टेस्ट रन’ करावा आणि त्यानंतरच खरा रीस्टार्ट द्यावा. मार्चच्या बाबतीत हे लवकर उरकणे महत्त्वाचे असते, कारण आपल्याकडील एप्रिल ते मार्च या आर्थिक वर्षाचा शेवटचा घसारा पूर्ण झाल्याशिवाय मालमत्तेचे वर्ष बंद करता येत नाही.

एफ११० मध्ये अधिक सावध राहावे लागते. प्रस्ताव तयार होताना त्यात आलेली बिले त्या रनच्या नावावर अडकतात आणि दुसऱ्या रनमध्ये घेता येत नाहीत, हे एक संरक्षण आहे. ज्या बिलांचे पैसे पोस्ट झाले ती बिले खात्यात ‘क्लिअर’ झालेली असतात आणि पुन्हा उघडी बाकी म्हणून येत नाहीत, हे दुसरे. म्हणून तुटलेल्या रनची तारीख आणि ओळखचिन्ह सोडून घाईने नवा रन तयार करू नये. पहिल्यांदा त्या रनचा लॉग वाचावा, किती विक्रेत्यांचे पेमेंट डॉक्युमेंट तयार झाले ते मोजावे, आणि एसएम१३ मध्ये अपडेट तुटलेले आहेत का ते पाहावे. एसएम१३ मधील नोंद तपासायची राहिली तर फार गोंधळ होतो. जॉबला वाटते की दस्तऐवज दिला, त्याला क्रमांकही मिळतो, पण प्रत्यक्ष लिहिण्याचे काम मागे थांबलेले असते.

खरा धोका मात्र सॅपच्या बाहेर आहे, आणि तो म्हणजे बँकेला जाणाऱ्या फाइलचा. पैसे पोस्ट झाले, फाइल बनली, कोणीतरी ती बँकेच्या पोर्टलवर चढवली, आणि नंतर जॉब पुन्हा चालवल्यावर दुसरी फाइल बनून तीही गेली, तर सॅपमध्ये एकच नोंद असूनही विक्रेत्याला दोनदा पैसे जातील. पूर्वी निदान रात्री चूक लक्षात आली तर सकाळपर्यंत बँकेला कळवायला वेळ मिळत असे. १६ डिसेंबर २०१९ पासून एनईएफटी चोवीस तास, अर्ध्या-अर्ध्या तासाच्या ४८ तुकड्यांत चालते, आणि १४ डिसेंबर २०२० पासून आरटीजीएसही अखंड चालू असते, त्यामुळे तो अवकाश आता उरलेला नाही. म्हणून माझा सल्ला असा की पोस्टिंगचा जॉब आणि फाइल बनवण्याचा जॉब वेगळे ठेवावेत, फाइल आपोआप बँकेकडे जात असेल तर जॉब तुटल्याबरोबर ती वाट प्रथम बंद करावी, आणि फाइलमधील एकूण रक्कम व विक्रेत्यांची संख्या सॅपमधील पेमेंटच्या यादीशी जुळवूनच एका जबाबदार व्यक्तीने ती सोडावी.

आपल्या पत्रात बॅच इनपुट सेशनचाही, म्हणजे फाइलमधून एकगठ्ठा व्यवहार भरण्याच्या पद्धतीचाही, ओझरता उल्लेख आहे. तेथे काळजी कमी आहे. एसएम३५ मध्ये चुकांसह थांबलेले सेशन पुन्हा प्रक्रियेला घेतले, तर यशस्वी झालेले व्यवहार वगळून उरलेले व चुकलेले व्यवहारच चालतात. फक्त मूळ फाइल पुन्हा चढवून नवे सेशन तयार करू नये.

प्रश्न: आमचे एक ज्येष्ठ सहकारी नोकरी सोडून गेल्यावर त्यांचा आयडी काढून टाकला आणि दुसऱ्याच दिवशी पंधरा-वीस जॉब बंद पडले. याचा काय संबंध?
— नागपूर येथील एक वाचक

उत्तर: प्रत्येक जॉबमधील प्रत्येक टप्पा कोणाच्या तरी नावाने आणि त्याच्याच अधिकारांनी चालतो. तो आयडी नाहीसा झाला किंवा त्याची मुदत संपली की टप्पा सुरू होताना लॉगिन अयशस्वी होते आणि जॉब कॅन्सल होतो. टीबीटीसीपी या टेबलमध्ये ऑथसीकेनेम या रकान्यात त्या व्यक्तीचा आयडी शोधलात तर बाधित झालेले सगळे टप्पे एकाच यादीत मिळतील. ही यादी कोणाचाही आयडी काढण्यापूर्वीच तयार करण्याची पद्धत मनुष्यबळ विभागाशी बोलून घालून द्यावी.

यापुढे जॉबसाठी ‘सिस्टीम’ प्रकारचे वेगळे आयडी ठेवावेत. त्यांवरून कोणी पडद्यावर लॉगिन करू शकत नाही आणि पासवर्डच्या मुदतीचा नियमही त्यांना लागत नाही. पण सगळ्या जॉबसाठी एकच आयडी करून त्याला सर्वाधिकार देऊन टाकण्याचा सोपा मार्ग कृपया घेऊ नये. वित्त, भांडार, विक्री यांच्यासाठी निराळे आयडी आणि त्यांना लागतील तेवढेच अधिकार असले, की एखादा जॉब चुकीच्या ठिकाणी हात घालू लागला तर तो अधिकाराअभावी थांबतो, आणि तसा तो थांबणे हिताचे आहे.

प्रश्न: मी पुण्यातून जर्मनीतील एका कंपनीच्या सॅप यंत्रणेची देखभाल करते. ऑक्टोबरअखेरीस तेथील घड्याळे मागे जातात तेव्हा रात्रीच्या जॉबचे काय होते? आमच्या टीममध्ये यावर दरवर्षी वाद होतो.
— पुणे येथील एक वाचक

उत्तर: भारतात घड्याळे बदलत नाहीत, त्यामुळे आपल्याकडील लोकांना याची सवय नसते. ऑक्टोबरच्या शेवटच्या रविवारी जर्मनीत पहाटे तीन वाजता घड्याळ पुन्हा दोनवर येते, म्हणजे दोन ते तीन हा तास दोनदा येतो. पूर्वी यावर सॅप त्या तासापुरते बंद ठेवण्याचा उपाय केला जात असे. नंतर सॅपने वेळ ताणण्याची सोय दिली. ती चालू असेल तर प्रत्यक्षातील ते दोन तास सॅपच्या घड्याळात एकच तास म्हणून, निम्म्या वेगाने जातात, त्यामुळे वेळ मागे जात नाही आणि दोन ते तीनमध्ये ठरवलेला जॉब दोनदा चालत नाही. ही सोय आपल्या यंत्रणेत चालू आहे का हे झेडडेट ने सुरू होणाऱ्या पॅरामीटरमध्ये बेसिस टीमकडून (सॅपची तांत्रिक देखभाल करणाऱ्यांकडून) पाहून घ्यावे. वाद मिटवायला तेवढे पुरेसे आहे.

मात्र ऑपरेटिंग सिस्टीममधील क्रॉन हा शेड्यूलर किंवा बाहेरचे शेड्यूलर हे वेळ ताणत नाहीत. सॅपचा जॉब आणि बाहेरून येणारी फाइल यांची वेळ एकमेकांवर अवलंबून असेल तर त्या रात्री त्यांची सांगड तुटते. असे जॉब घड्याळाऐवजी घटनेवर सुरू करावेत, म्हणजे फाइल आली की सॅपमधील इव्हेंट उठवावा आणि त्यावर जॉब चालू व्हावा. आणखी एक व्यावहारिक गोष्ट अशी की एसएम३६ मध्ये जॉब ठरवताना दिलेली वेळ यंत्रणेच्या टाइम झोनची असते. जर्मनीतील पहाटेचे दोन म्हणजे हिवाळ्यात आपले साडेसहा आणि उन्हाळ्यात साडेपाच. पुण्यातील शिफ्ट ठरवताना हा तासाचा फरक लक्षात ठेवावा.

प्रश्न: आम्ही ओरॅकल ई-बिझनेस सूट वापरतो. काही रिक्वेस्ट (ओरॅकलमधील बॅकग्राउंड जॉब) ‘इनॲक्टिव्ह, नो मॅनेजर’ अशा दिसतात, तर काही ‘पेंडिंग, स्टँडबाय’मध्ये अडकतात. इंटरनेटवर सापडलेली सीएमक्लीन ही स्क्रिप्ट चालवावी का?
— पणजी येथील एक वाचक

उत्तर: या दोन अवस्थांची कारणे वेगळी आहेत. ‘नो मॅनेजर’ याचा अर्थ ती रिक्वेस्ट चालवू शकेल असा एकही कॉन्करंट मॅनेजर, म्हणजे रिक्वेस्ट चालवणारी सेवा, या घडीला उपलब्ध नाही. मॅनेजरच्या व्यवस्थापनाच्या पडद्यावर ‘ॲक्च्युअल’ आणि ‘टार्गेट’ हे दोन आकडे पाहावेत. टार्गेट शून्य असेल तर वर्क शिफ्टमध्येच त्या वेळेला प्रोसेस ठेवलेल्या नाहीत. टार्गेट आहे पण ॲक्च्युअल त्यापेक्षा कमी आहे, तर मॅनेजर उठू शकलेला नाही, आणि कारण इंटर्नल मॅनेजरच्या लॉगमध्ये मिळेल. दोन्ही आकडे बरोबर असतील, तर मॅनेजरच्या नियमांतून तो प्रोग्राम वगळला गेला आहे का ते पाहावे. ‘स्टँडबाय’ मात्र सामान्य अवस्था आहे. ज्याच्यासोबत चालण्यास मनाई आहे असा दुसरा प्रोग्राम चालू असल्याने ती रिक्वेस्ट थांबली आहे. सगळ्याच रिक्वेस्ट तेथे साचत असतील, तर कॉन्फ्लिक्ट रिझोल्यूशन मॅनेजर बंद पडला आहे असे समजावे.

ती स्क्रिप्ट मॅनेजर चालू असताना कदापि चालवू नये. एडीसीएमसीटीएल ही ओरॅकलची स्क्रिप्ट वापरून मॅनेजर रीतसर बंद करावेत, मॅनेजरच्या एफएनडीएलआयबीआर नावाच्या सगळ्या प्रोसेस संपल्याची ऑपरेटिंग सिस्टीममध्ये खात्री करावी, आणि एवढ्याने भागले तर सीएमक्लीनची गरजच पडत नाही. सीएमक्लीन चालू रिक्वेस्टची नोंद केवळ संपलेली म्हणून बदलते. तो प्रोग्राम पूर्ण झाला असा त्याचा अर्थ होत नाही. तेव्हा ती चालवण्याआधी ‘रनिंग’ रिक्वेस्टची यादी काढून ठेवावी आणि नंतर प्रत्येकीचा परिणाम वेगळा तपासावा.

प्रश्न: मी सॅपच्या एबॅप या भाषेत प्रोग्राम लिहितो. बॅकग्राउंडमध्ये चालणारा प्रोग्राम अर्ध्यावर तुटला तरी निर्धास्तपणे पुन्हा चालवता यावा, यासाठी तो कसा लिहावा?
— छत्रपती संभाजीनगर येथील एक वाचक

उत्तर: हा प्रश्न प्रोग्राम लिहितानाच पडावा, ही माझी कित्येक वर्षांची इच्छा आहे, म्हणून उत्तर थोडे विस्ताराने देतो.

एक लाख नोंदी हाताळून शेवटी एकदाच कमिट केले, म्हणजे बदल डेटाबेसमध्ये कायम केले, तर नव्वद हजारावर तुटल्यावर सगळेच मागे जाते. प्रत्येक नोंदीनंतर कमिट केले, तर काम सुरक्षित पण फार संथ होते. मधला मार्ग म्हणजे ठरावीक संख्येच्या तुकड्या करून प्रत्येक तुकडीनंतर कमिट करणे. पण हे पुरेसे नाही. कोणत्या नोंदी झाल्या हे स्वतःच्या नियंत्रण-टेबलमध्ये लिहावे, आणि ते लिहिणे मूळ बदलासोबत एकाच कमिटमध्ये व्हावे. ते आधी लिहिले आणि मग तुटले, तर न झालेली नोंद झाली असे दिसेल. नंतर लिहायचे ठरवले आणि मध्ये तुटले, तर झालेली नोंद पुन्हा होईल. प्रोग्राम सुरू होताना त्याने प्रथम हे टेबल वाचावे आणि उरलेलेच काम हाती घ्यावे. मग ‘पुन्हा चालवा’ म्हणायला कोणालाही धास्ती वाटणार नाही.

फाइल पाठवणे, ईमेल करणे, दुसऱ्या यंत्रणेला कळवणे या गोष्टी कमिटमध्ये बांधता येत नाहीत, कारण गेलेली ईमेल परत बोलावता येत नाही. म्हणून त्या शेवटच्या वेगळ्या टप्प्यात ठेवाव्यात आणि त्यांचीही नोंद ठेवावी. तोच प्रोग्राम एकाच वेळी दोनदा चालू नये यासाठी सुरुवातीला लॉक ऑब्जेक्ट, म्हणजे सॅपचे कुलूप, घ्यावे. जॉबच्या टेबलमध्ये पाहून ‘दुसरा चालू नाही ना’ असे ठरवू नये, कारण मेलेला जॉब तेथे जिवंत दिसू शकतो हे वर सांगितलेच आहे.

संदेशांबाबतही काळजी घ्यावी. बॅकग्राउंडमध्ये ‘ई’ प्रकारचा संदेश आला की जॉब ‘सिस्टीम एक्सेप्शन एरर_मेसेज नंतर कॅन्सल’ अशी नोंद करून संपतो. एका विक्रेत्याचा पिनकोड चुकला म्हणून उरलेल्या नऊशे विक्रेत्यांचे काम थांबवणे बरोबर नाही. अशी चूक लॉगमध्ये टिपून पुढे जावे. पण याची दुसरी बाजू तितकीच गंभीर आहे. सगळ्या चुका टिपून पुढे जाणारा प्रोग्राम शेवटी ‘फिनिश्ड’ होतो आणि हिरव्या रंगात दिसतो, मग त्याने एकही नोंद यशस्वी केलेली नसली तरी. सॅपच्या दृष्टीने ‘फिनिश्ड’ म्हणजे प्रोग्राम शेवटच्या ओळीपर्यंत पोहोचला, एवढेच. म्हणून चुकांचे प्रमाण आपण ठरवलेल्या मर्यादेपलीकडे गेले तर प्रोग्रामने शेवटी मुद्दाम कॅन्सल व्हावे आणि तसे स्पष्ट लिहावे, म्हणजे सकाळी पाहणाऱ्याला ते लाल दिसेल. यशस्वी, चुकलेल्या आणि वगळलेल्या नोंदींची संख्या लॉगच्या शेवटच्या ओळीत असावी.

प्रश्न: छपाई असलेले आमचे जॉब अधूनमधून एकदम कॅन्सल होतात आणि दुसऱ्या दिवशी आपोआप नीट चालतात. कारण सापडत नाही.
— इचलकरंजी येथील एक वाचक

उत्तर: आपल्या वर्णनावरून स्पूल, म्हणजे छपाईच्या कामांची साठवण, भरत असावा असा माझा अंदाज आहे. सॅपमध्ये स्पूलच्या रिक्वेस्टना क्रमांक देण्याची मर्यादा मूळ मांडणीत ३२,००० असते. जुन्या रिक्वेस्ट काढल्या नाहीत तर क्रमांक संपतात आणि ज्या जॉबला छपाईची नोंद करायची असते तो तुटतो. मग रात्री काही जुन्या नोंदींची मुदत संपते, जागा होते आणि दुसऱ्या दिवशी सगळे ठीक दिसते. एसटी२२ आणि एसएम२१ (यंत्रणेचा लॉग) मध्ये त्या वेळेच्या नोंदी पाहून याची खात्री करून घ्यावी.

उपाय म्हणजे सॅपचे देखभालीचे ठरावीक जॉब चालू आहेत का ते पाहणे. सॅप_रीऑर्ग_स्पूल जुनी छपाई काढतो, सॅप_रीऑर्ग_जॉब्स जुन्या जॉबच्या नोंदी आणि लॉग काढतो, सॅप_रीऑर्ग_एबॅपडंप्स जुने डंप काढतो. एस/४ हाना या सॅपच्या नव्या आवृत्तीत हेच काम तांत्रिक जॉब रिपॉझिटरीतून, म्हणजे एसजॉबरेपो मधून चालते, त्यामुळे जुन्या यंत्रणेतून नव्यात गेलेल्यांनी दोन्हीकडे तेच काम दुहेरी चालत नाही ना हे तपासावे. जुन्या नोंदी किती दिवस ठेवायच्या हे ठरवताना आपल्या लेखापरीक्षकांनाही विचारावे, कारण वर्षअखेरीच्या जॉबचे लॉग त्यांना पुरावा म्हणून लागतात आणि चौदा दिवसांनी ते पुसले गेलेले असले तर पुन्हा मिळत नाहीत.